पिशवीचं ऑपरेशन झाल्यावरचे बारा आठवडे: तयारी, क्रम आणि बायकांची साथ

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्यावर पहिल्या आठवड्यात बायका फारशा चुकत नाहीत. दुखत असतं, चालताना ओढ बसते, घरचे पाणीसुद्धा हातात आणून देतात. चूक होते ती तिसऱ्या आठवड्यात. वरचे टाके निघालेले असतात, जखम कोरडी झालेली असते, तोंडाला चव आलेली असते, आणि मदतीला आलेली आई किंवा बहीण गावी परतलेली असते. सकाळी नळ येतो, पाणी भरायला कोणी नसतं आणि बाई भरलेली बादली उचलते.

बाहेरून सगळं ठीक दिसतं तेव्हा आतलं काम अर्धवटच असतं. गर्भाशय मुखासकट काढलं की योनिमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. हे टाके कुणाला दिसत नाहीत, काढावे लागत नाहीत, ते आपोआप विरघळतात. तिथली शिवण पक्की व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. पोटावरून ऑपरेशन झालं असेल तर कातडीखालच्या थरांनाही तितकाच वेळ लागतो. म्हणून दुखणं थांबलं यावरून भरून आलं असं धरू नका, आणि मदतीची आखणी पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यासाठी जास्त करा. पुढचे सगळे टप्पे याच हिशेबाने लिहिले आहेत.

हा लेख गाठी, अति रक्तस्राव, अंग बाहेर येणं अशा कारणांसाठी ऑपरेशन ठरलेल्या बायकांसाठी आहे. कॅन्सरसाठी झालेलं ऑपरेशन मोठं असतं आणि त्याचे नियम वेगळे असतात. तुमच्या डॉक्टरांनी यातली एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचं ऐका, त्यांनी तुमचं पोट आतून पाहिलेलं असतं.

टप्पा १: तारीख घेण्याआधी चार प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसलं की निम्मे विसरतात.

१. पिशवी का काढायची? कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नुसतं पांढरं जातं, कंबर दुखते किंवा ‘पुढे कॅन्सर होईल’ एवढ्यावर पिशवी काढायला सांगितली असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या. गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी, फक्त गाठ काढणं हे मार्ग तुमच्या बाबतीत चालतील का, ते विचारा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा कित्येकींना हे पर्याय कोणी सांगितलेच नव्हते.

२. ऑपरेशन कुठून? पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीतून की खालून? पोटावरच्या ऑपरेशननंतर सावरायला सहा ते आठ आठवडे धरा, दुर्बिणीच्या किंवा खालच्या ऑपरेशननंतर चार ते सहा. वजन उचलण्याचे नियम मात्र तिन्हींना तेच. दुर्बिणीचं झालं म्हणजे लहान ऑपरेशन झालं, हा समज फार महागात पडतो. बाहेरची भोकं लहान असतात, आतलं काम तेवढंच असतं.

३. अंडाशय ठेवणार की काढणार, आणि का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. दोन्ही अंडाशयं काढली की पाळी जाण्याचे त्रास काही दिवसांतच एकदम सुरू होऊ शकतात. पंचेचाळिशीच्या आत असाल तर हाडांचा आणि हृदयाचाही विचार करावा लागतो.

४. पिशवीचं मुख ठेवणार का? ठेवलं तर पुढेही त्याची तपासणी चालू ठेवावी लागते.

तारीख निवडणं हातात असेल तर वर्षातली कामं बघून निवडा. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात ऑपरेशन करून घेतलं तर दसऱ्यानंतर टोळी निघेपर्यंत पुरेसे महिने मिळतात. हंगामाच्या मध्यावर केलं तर उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटलेली नसते, एकेका खाड्याचे पैसे कापले जातात आणि बाई महिन्याभरात पुन्हा मोळी डोक्यावर घेते. लग्नसराई, वाळवणं, मुलांची दहावी-बारावी हेही आधीच मोजा.

> तपासा: चारही प्रश्नांची उत्तरं तुमच्या शब्दांत घरच्या एका माणसाला सांगून बघा. जिथे अडखळाल ते पुन्हा विचारून घ्या.

टप्पा २: शरीर, घर आणि कागद

याला निदान चार आठवडे द्या.

*शरीर.* खूप अंगावरून जात असेल तर हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं. ठरवून करायचं ऑपरेशन १० च्या खालच्या हिमोग्लोबिनवर डॉक्टर सहसा टाळतात. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्यासोबत घ्या आणि आधी-नंतर तासभर चहा टाळा, चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. साखर असेल तर ती आटोक्यात आणा, नाहीतर टाके पिकण्याचा धोका वाढतो. मिश्री किंवा तंबाखू लावत असाल तर आजपासून बंद करा. तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो आणि खोकला वाढतो, पोटावर टाके असताना खोकला फार छळतो. रक्त पातळ करणाऱ्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि आयुर्वेदिक अशा सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना द्या. कुठली कधी थांबवायची हे तेच सांगतील.

*घर.* जमिनीवर झोपायची सवय असेल तर दीड-दोन महिन्यांसाठी खाटेची सोय करा. बसल्यावर पाय जमिनीला टेकतील एवढीच तिची उंची हवी. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. ती भाड्यानेही मिळते, पाच-सात घरांत मिळून एक घेतली तरी चालते. स्वयंपाकघरात रोजचे डबे, तेल, पीठ, कुकर कमरेच्या उंचीवर घ्या. खाली वाकून काढायचं आणि वर हात ताणून काढायचं, दोन्ही बंद. पाणी भरण्याचं काम कोणाचं, हे आजच ठरवा. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, वर टाकीचं वजन वेगळं. तो बदलायला कोण येणार, तेही लिहून ठेवा.

*कागद.* एक फाइल करा: सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी, आधार, रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो. कारखान्यात किंवा कंपनीत नोकरी असून पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर आजारपणाच्या रजेतही पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी ईएसआयसीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

टप्पा ३: साथ देणाऱ्या बायका आधी शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळ्याजणी गाळतात. घरचे आहेत ना, असं वाटतं. घरचे डबा देतात, औषध आणतात. पण ‘अंगावरून तपकिरी जातंय, हे बरोबर आहे का?’ किंवा ‘मला उगीचच रडू येतंय’ हे नवऱ्याला किंवा मुलाला सांगताना जीभ अडखळते. ते बोलायला या वाटेने गेलेली बाईच लागते.

अशा बायका फार लांब शोधाव्या लागत नाहीत, त्या आजूबाजूलाच असतात, फक्त बोललेल्या नसतात. गावच्या आशाताईला विचारा, कोणाचं ऑपरेशन झालंय हे तिला माहीत असतं. मात्र ‘नाव सांगा’ असं म्हणू नका. ‘त्यांची हरकत नसेल तर माझा नंबर त्यांना द्या’ असं म्हणा. बचत गटात, भिशीत, भजनी मंडळात किंवा सोसायटीच्या हळदीकुंकवात एकदा मोकळेपणाने ‘माझं पिशवीचं ऑपरेशन ठरलंय’ एवढं म्हणून बघा. बहुतेक वेळा दोघीतिघी बाजूला येऊन आपलं सांगतात. परदेशात किंवा परप्रांतात असाल आणि जवळ कोणी नसेल तर मैत्रिणींपैकी एकीशी आठवड्यातून दोन ठरावीक वेळा फोनवर बोलायचं असं बांधून घ्या. ‘केव्हाही फोन कर’ म्हणणाऱ्या दहाजणींपेक्षा मंगळवारी-शुक्रवारी चार वाजता हटकून फोन करणारी एक उपयोगी पडते.

चार ते सहा जणी पुरेत. त्यात निदान एकीचं ऑपरेशन वर्षभरापूर्वी झालेलं असावं आणि एकीचं तुमच्यासारखंच, म्हणजे त्याच मार्गाने झालेलं. खालून ऑपरेशन झालेल्या बाईला पोटावरच्या टाक्यांचं दुखणं ठाऊक नसतं, आणि अंडाशय शाबूत असलेल्या बाईला रात्री घामाने भिजून उठणं काय ते कळत नाही. या फरकाकडे दुर्लक्ष झालं की तुलना सुरू होते: ‘मी तर पंधराव्या दिवशी भाकऱ्या थापल्या.’ हे वाक्य ऐकून किती जणी वेळेआधी उठल्या असतील!

पहिल्याच भेटीत चार गोष्टी ठरवून टाका:

- आपल्या गोळ्या दुसरीला द्यायच्या नाहीत, विशेषतः हार्मोनच्या आणि दुखण्याच्या.
- ‘अमकीचं काय झालं माहितीये का’ या गोष्टी ऑपरेशनच्या आधी सांगायच्या नाहीत.
- इथलं बोलणं इथेच राहील. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल बोलताना हे फार लागतं.
- ताप, रक्त, श्वास यांबद्दल कोणी काही सांगितलं तर सल्ला न देता तिला दवाखान्यात धाडायचं.

मग कॅलेंडर घ्या आणि कामं वाटा. इथे माझा आग्रह आहे: पहिल्या दोन आठवड्यांत भेटायला येणाऱ्यांना हात जोडून सांगा की आता नको, तिसऱ्या आठवड्यापासून या, आणि येताना एक काम घेऊन या. मावशी सोमवारी येऊन पीठ मळून ठेवेल, शेजारच्या वहिनी पाणी भरतील, मैत्रीण मुलाला शाळेतून आणेल. ‘काही लागलं तर सांग’ यावर कोणी काही सांगत नाही. काम, वार आणि नाव लिहिलं की ते होतं.

> इशारा: सगळी मदत एकाच माणसावर टाकू नका. सासूबाई किंवा मोठी मुलगी दहाव्या दिवशी थकते, आणि तिचा थकवा दिसला की बाई अपराधी वाटून उठते. मुलीचा अभ्यास बुडवून तिला चुलीपुढे उभं करणं तर नकोच. नवऱ्याचं नाव कॅलेंडरवर निदान तीन कामांपुढे असलं पाहिजे.

टप्पा ४: दवाखान्यातले दिवस

दुर्बिणीचं किंवा खालचं ऑपरेशन असेल तर साधारण एक ते तीन दिवस, पोटावरचं असेल तर तीन ते पाच. लघवीची नळी बहुतेक दुसऱ्या दिवशी काढतात. ती काढल्यावर लघवी व्यवस्थित झाली का, हे सिस्टरला सांगायचं असतं, लाजून गप्प बसू नका. दुर्बिणीनंतर खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूमुळे तो दुखतो आणि एकदोन दिवसांत थांबतो.

उठण्याची पद्धत ऑपरेशनच्या आधीच घरी करून बघा, कारण नंतर चुकीच्या पद्धतीने उठताना टाक्यांवर कळ येते आणि मग बाई उठायलाच भिते. गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर व्हा. दोन्ही पाय खाटेखाली सोडा. वरच्या हाताने गादी रेटत आणि खालच्या कोपरावर भार देत उठून बसा. क्षणभर थांबा, चक्कर येत नाही ना बघा, मगच उभ्या राहा. सरळ उताण्या स्थितीतून पोटाच्या जोरावर उठायचं नाही, आणि कोणाला हात धरून ओढायलाही लावायचं नाही.

खोकला, शिंक किंवा हसू आलं की लहान उशी पोटावर घट्ट धरा. डॉक्टरांनी सांगितल्यावर, शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दोन पावलं चाला. पडून राहिलं की पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. पडल्या-पडल्या पावलं वरखाली करत राहा.

> घरी निघण्याआधी तपासा: डिस्चार्ज कार्डवर काय काढलं ते स्पष्ट लिहिलंय का? फक्त पिशवी, मुखासकट पिशवी, एक अंडाशय, दोन्ही अंडाशयं? काढलेला भाग तपासणीला पाठवला का, आणि रिपोर्ट कधी मिळणार? पुढची तारीख कोणती? रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

काढलेल्या भागाचा रिपोर्ट न घेता घरी राहणं ही मोठी चूक आहे. ‘काही असतं तर कळवलं असतं’ असं धरून बसू नका. तो साधारण आठ-पंधरा दिवसांत येतो. तो घ्या, डॉक्टरांकडून समजून घ्या आणि फाइलमध्ये लावा.

टप्पा ५: घरी, पहिले दोन आठवडे

*दुखणं.* दुखण्याची गोळी पहिले काही दिवस दिलेल्या वेळेनुसार घ्या, सहन होईना झाल्यावर नव्हे. दुखत राहिलं की बाई चालत नाही, खोल श्वास घेत नाही, आणि त्यातून पुढचे त्रास होतात.

*शौचाला होणं.* तीनचार दिवस होत नाही, मग जोर लावला जातो, आणि कुंथण्याचा ताण थेट आतल्या टाक्यांवर येतो. दुसऱ्या दिवसापासूनच भरपूर पाणी, ताक, भाज्या, पपई, भिजवलेल्या मनुका सुरू करा. इसबगोल घेतला तर त्यावर मोठा ग्लासभर पाणी हवंच, नाहीतर उलट घट्ट होतं. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घ्या, जोर कमी लागतो. तरीही होत नसेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध घ्या, एरंडेलाचे घरगुती डोस नकोत.

*खाणं.* आपल्याकडे टाके पिकतील म्हणून डाळ, भात, वांगं, बटाटा बंद करतात आणि पाणीही तोडतात. टाके जंतुसंसर्गाने पिकतात, वरणाने नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात: वरण, मूग-मटकीची उसळ, दही, अंडी, मासे, जे तुमच्या घरात चालतं ते. डिंकाचे आणि मेथीचे लाडू खाल्ले तरी चालतील, पण त्यांवरच राहू नका, ते जड असतात आणि बद्धकोष्ठ वाढवतात. हिमोग्लोबिन कमी होतं त्यांनी लोहाच्या गोळ्या पुढे किती महिने घ्यायच्या हे विचारून घ्या. रक्तस्राव थांबला म्हणून त्या मनानेच बंद करू नका.

*जखम.* आंघोळीची परवानगी मिळाली की साध्या साबणाच्या पाण्याने हलकेच धुऊन स्वच्छ कपड्याने टिपून कोरडी करा. हळद, राख, तेल, पावडर काहीही नको. पोट लटकतं त्यांच्या बाबतीत छेद घडीखाली झाकला जातो आणि ओलसर राहतो, तिथे रोज आरशात बघा किंवा सोबतच्या बाईला बघायला सांगा. पोटपट्टा चालताना आधार देतो, पण श्वास कोंडेल एवढा आवळू नका आणि झोपताना काढा. बारीक होण्यासाठी तो नसतो.

*अंगावरून जाणं.* चार ते सहा आठवडे थोडं तपकिरी किंवा पिवळसर जाऊ शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाके विरघळताना एखादा दिवस जरा जास्त रक्त दिसतं, धाग्याचा तुकडाही पडतो. फक्त पॅड वापरा. टॅम्पॉन, कप नको, आणि आत बोटाने किंवा पाण्याने धुणं तर मुळीच नको.

*चालणं.* दिवसातून चारपाच वेळा पाच मिनिटं, घरातल्या घरात. रोज थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि एक पायरी मागे या.

> लगेच दवाखान्यात जा:
> - ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, थंडी वाजणं
> - तासाभरात पॅड पूर्ण भिजवणारं लाल रक्त, मोठ्या गाठी
> - दुर्गंधी येणारं पाणी, जखमेतून पू, जखम लाल आणि गरम होणं
> - एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं
> - छातीत दुखणं, दम लागणं: इथे वाट न बघता १०८ ला फोन करा
> - पोट फुगून वारंवार उलट्या, वारा न सरणं
> - अचानक खालून पाण्याचा लोट येऊन तीव्र कळ, काहीतरी बाहेर आल्यासारखं वाटणं: हेही तातडीचं
> - लघवी न होणं, किंवा न कळता सतत थेंबथेंब गळत राहणं

शेवटच्या मुद्द्याबद्दल आणखी दोन शब्द. ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी खालून सतत पाणी गळू लागलं, दिवसरात्र कपडे ओले राहू लागले, तर ती मूत्राशयाला झालेली इजा असू शकते. बायका ‘अंगावरून पांढरं जातंय’ म्हणून महिनोन्‌महिने पदराआड लपवतात, माणसांत जाणं टाळतात. यावर उपचार आहे. कळलं की लगेच दाखवा.

टप्पा ६: तिसरा ते सहावा आठवडा

इथे लेख सावकाश वाचा.

दुधाच्या एक-एक लिटरच्या दोन पिशव्या हातात धरून बघा, दोन-अडीच किलोपर्यंतचं वजन तुमच्यासाठी मोकळं. त्यापुढचं सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत नाही. भरलेली बादली, हंडा, कळशी, पाच लिटरचा भरलेला कुकर, ओल्या चादरींची बादली, दळणाचा डबा, नातू, सगळं या ‘नाही’मध्ये येतं. लहान मूल कडेवर यायला रडलं तर खाली न वाकता आधी तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या.

हलकं दिसणारी पण टाळायची कामं: उकिडवं बसून कपडे घासणं, फरशी पुसणं, पाट्यावर वाटणं, पिठाचा मोठा गोळा मळणं, पलंगाखाली झाडू घालायला वाकणं, माळ्यावरचा डबा काढणं. चालतील अशी कामं: बसून भाजी निवडणं, उभ्याने वरण-भात लावणं, कपड्यांच्या घड्या. मात्र पंधरावीस मिनिटांनी बसायचंच.

कपालभाती, सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. कपालभातीने पोटात दाब वाढतो, त्याला ‘फक्त श्वासाचा व्यायाम’ समजू नका. लघवी अडवताना जे स्नायू आपण आवळतो, ते बसल्या-बसल्या पाच मोजेपर्यंत आवळून सोडण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. अंग बाहेर येत होतं म्हणून ऑपरेशन झालं असेल तर तो पुढे कायम करा. लघवी करताना मात्र करू नका.

स्कूटर चालवण्याची घाई नको. अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही आणि गुंगीची गोळी चालू नाही, हे दोन्ही जमेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, थांबा. खड्ड्यांतून मागे बसून जाणंही या दिवसांत टाळा. ऑफिसचं बैठं काम असेल तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात अर्धा दिवस सुरू करता येतं. शेत, बांधकाम, घरकाम करणाऱ्या बाईला आठ ते बारा आठवडे लागतात. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं मुकादम आणि मालक ऐकत नाहीत.

मनाचं याच आठवड्यांत बाहेर येतं. पाळीची कटकट संपली म्हणून सुटल्यासारखं वाटतं आणि त्याच दिवशी रडूही येतं. लहान वयात ऑपरेशन झालेल्या, किंवा अजून मूल हवं असलेल्या बाईचं दुःख वेगळंच असतं. तिला ‘बरं झालं, सुटलीस’ म्हणू नका. आतून पोकळ झालं, बाईपण गेलं असं म्हणणाऱ्यांना त्याच बैठकीत उत्तर द्या: रिकाम्या जागेत आतडी सरकून बसतात, पोकळी राहत नाही, आणि बाईपण पिशवीत ठेवलेलं नसतं. तुमच्या गटातल्या जुन्या मैत्रिणीने हे बोललेलं सगळ्यांत लवकर पटतं.

> तपासा: दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर ते गटाच्या गप्पांवर सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. तिथे बोला आणि डॉक्टरांनाही सांगा. जुन्या मैत्रिणींनीही हे प्रश्न तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात आपणहून विचारावेत.

टप्पा ७: सहा आठवड्यांची तपासणी आणि पुढे

बरं वाटतंय म्हणून ही तपासणी चुकवू नका. डॉक्टर आतली शिवण बघतात, ती बाहेरून कोणालाच कळत नाही. जाताना फाइल न्या आणि हे विचारा: वजन किती उचलू? संबंध कधी? कामावर कधी? रिपोर्टमध्ये काय आलं?

संबंध तपासणीच्या आधी नको, कोणी कितीही समजावलं तरी. आतली शिवण उसवण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. नवऱ्याला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, घरात बाईला वाद घालावा लागत नाही. पुढे सुरू केल्यावर कोरडेपणा जाणवला तर पाण्याच्या बेसचं वंगण मिळतं, आणि दुखत राहिलं तर त्यावर उपचार आहेत.

दोन्ही अंडाशयं काढली असतील तर गरम वाफा, घाम, झोप उडणं, सांधे धरणं, चिडचिड हे सगळं पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतं. हार्मोनचे उपचार तुम्हाला चालतील का, हे या भेटीत स्पष्ट विचारा, विशेषतः वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर. काही आजारांत ते देत नाहीत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं लागतंच. नाचणी, दूध, तीळ यांतून किती मिळतं आणि गोळी किती लागेल, तेही विचारा. अंडाशयं ठेवली असतील तरी पाळी जाण्याची लक्षणं काही बायकांना दोनचार वर्षं आधी येतात. पाळी येत नसल्याने ती ओळखता येत नाहीत, तेव्हा वाफा आणि घामाकडे लक्ष ठेवा.

तपासणीनंतर वजन टप्प्याटप्प्याने वाढवा. अर्धी बादली एक आठवडा, मग पाऊण. खाली ओढ वाटली किंवा पुन्हा रक्त दिसलं तर थांबा. डोक्यावर मोळी, सिमेंटची पाटी किंवा डबल हंडा बारा आठवड्यांच्या आत नको.

डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट यांचा फोटो काढून मुलीच्या किंवा नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. दहा वर्षांनी एखादा डॉक्टर ‘अंडाशयं आहेत का?’ विचारतो आणि बाईला सांगता येत नाही, असं फार वेळा होतं. पिशवीचं मुख ठेवलं असेल तर पॅप तपासणी, म्हणजे मुखाच्या कॅन्सरची आगाऊ तपासणी, डॉक्टर सांगतील तितक्या वर्षांनी चालू ठेवा. मुख काढलेल्यांनीही आपल्याला ती लागेल का हे रिपोर्ट दाखवून विचारून घ्यावं. आणि सगळं भरून आल्यावर, कितीही वर्षांनी, योनिमार्गातून एक थेंबही रक्त दिसलं तर ते ‘उष्णतेने’ आलं असं समजून बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.